कूलचा बेडूक : एक नांव, अनेक जाति

प्राण्यास नांव देणें हें काम वरवर पाहतां निरुपद्रवी वाटतें. परंतु एकच नांव अनेकांस पडलें, तर तें एखाद्या जातीच्या जिवावरहि बेतूं शकतें. आग्नेय आशियांतील डोंगरी ओढ्यांत राहणाऱ्या एका बेडकाची हकीगत ह्या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे.

ह्या बेडकाचें शास्त्रीय नांव ‘लिम्नोनेक्टीस कूलिआय’. हाइनरिख कूल हा तरुण जर्मन निसर्गशास्त्रज्ञ १८२० सालीं जावा बेटांत गेला आणि १८२१ सालीं, वयाची पंचविशी गांठण्यापूर्वींच, तेथें मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ स्वित्झर्लंडच्या योहान याकोब फॉन चूडी ह्यानें १८३८ सालीं जावांतील ह्या बेडकास त्याचें नांव दिलें.

हा बेडूक दोन-तीन इंच लांब, तपकिरी रंगाचा व खरबरीत कातडीचा असतो. नराचें डोकें शरीराच्या मानानें मोठें असून खालच्या जबड्याच्या टोंकाशीं दोन सुळे असतात. हे खरे दांत नव्हेत, जबड्याच्या हाडाचेच ते उंचवटे होत. नर परस्परांशीं झुंजतात तेव्हां ते उपयोगीं पडतात. पावसाळ्यांत आपल्या शेतांतून दिसणारा मोठा बेडूक ह्याच घराण्यांतला आहे.

आतां प्रश्न असा, कीं हा राहतो कोठें? जुन्या ग्रंथांचें उत्तर मोठें ऐसपैस होतें: जावा, सुमात्रा, बोर्निओ, थायलंड, व्हिएतनाम, दक्षिण चीन आणि तैवानसुद्धां! ह्या सर्व ठिकाणचे बेडूक दिसावयास सारखे, म्हणून सर्वांस एकच नांव.

परंतु थोडा विचार करा. बेडकाची कातडी पातळ व ओलसर. खारें पाणी आणि रखरखीत ऊन तिला सोसत नाहीं. डोंगरांतील थंड ओढ्यांत वाढलेला बेडूक समुद्र अगर उष्ण मैदान ओलांडून पलीकडच्या डोंगरावर जाणार कसा? त्याच्या दृष्टीनें प्रत्येक डोंगररांग हें एक बेटच. अशा बेटांवर पिढ्यान् पिढ्या वेगळ्या राहिल्या, म्हणजे त्यांचे वंश निरनिराळे होत जातात. मात्र ओढे सारखे, जीवनक्रम सारखा, म्हणून बाह्य रूप फारसें पालटत नाहीं.

डोळ्यांस न दिसणारा हा भेद पेशींतील डी. एन. ए. ह्या आनुवंशिक द्रव्याच्या तपासणींत उघड झाला. डेव्हिड मॅक्लाउड ह्या अमेरिकन संशोधकानें २०१० सालीं दाखवून दिलें, कीं ह्या बेडूकसमूहांत २० हून अधिक स्वतंत्र वंशशाखा आहेत. चीन व तैवान येथील बेडकास १९९४ सालींच ‘फुजिआनेन्सिस’ हें वेगळें नांव मिळालें होतें. थायलंडमधून २००८ सालीं एक आणि २०१० सालीं आणखी दोन जाति वेगळ्या काढण्यांत आल्या. खरा ‘कूलिआय’ आतां जावापुरताच उरला आहे.

ह्यांत केवळ पंडितांचा शब्दच्छल नाहीं. बेडूक सर्वत्र आहे अशी समजूत असल्यामुळें जागतिक यादींत त्याची गणना ‘काळजीचें कारण नाहीं’ अशा वर्गांत झाली होती. ह्याचा अर्थ असा, कीं एखाद्या खोऱ्यांतील जंगल तुटून ओढा गढूळ झाला, तरी ‘हा बेडूक अन्यत्र आहेच’ असें म्हणून मन निश्चिंत राहणार. पण तेथील जाति केवळ त्याच खोऱ्यांतली असेल, तर ती जगांतूनच नाहींशी होईल, आणि कोणास त्याचा पत्ताहि लागणार नाहीं.

शाळेंत वीस मुलांची हजेरी एकाच नांवावर मांडली, तर एखादा मुलगा कायमचा नाहींसा झाला तरी पटावर तो गैरहजर दिसत नाहीं. प्रत्येकास त्याचें नांव देणें ही त्याची काळजी घेण्याची पहिली पायरी होय.