विस्थापनाची पुस्तकं वाचताना विचारायचे तीन प्रश्न



बातम्यांत आपण ऐकतो, इतके लाख लोक निर्वासित झाले. आकडा कानावरून जातो आणि आपण पुढच्या बातमीकडे वळतो. आकड्याला चेहरा नसतो ना! तो चेहरा पुस्तक दाखवतं. म्हणून आज पाहूया, स्थलांतर आणि विस्थापनावरची पुस्तकं कशी वाचायची. वाचताना तीन प्रश्न सोबत ठेवा.

१) हा माणूस निघाला की त्याला निघावं लागलं?
कामासाठी, शिक्षणासाठी दुसरीकडे जाणं म्हणजे स्थलांतर. युद्ध, पूर, धरण यांमुळे गाव सोडावंच लागतं ते विस्थापन. पण यांतली रेघ नेहमी स्पष्ट नसते. रानात पाणी नाही म्हणून ऊसतोडीला निघालेलं कुटुंब मर्जीने निघालं असं म्हणता येईल का? विचार करा.

२) मागे काय राहिलं?
विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) ही कादंबरी धरणग्रस्तांची आहे. ती वाचताना कळतं, की जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली तरी गाव मिळत नाही. शेजार, देऊळ, पाणवठा, ओळख हे सगळं मागेच राहतं. थान्हा लाइ यांच्या 'इनसाइड आउट अँड बॅक अगेन' (२०११) या पुस्तकात १९७५ साली सायगाव सोडणारी दहा वर्षांची हा नावाची मुलगी आहे. तिची पपई मागे राहते. मोठ्यांना ते साधं झाड वाटेल, पण मुलांचं घर अशाच गोष्टींचं बनलेलं असतं.

३) नव्या ठिकाणी त्याला काय येईनासं झालं?
हीच मुलगी अमेरिकेतल्या अलाबामात पोहोचते. सायगावात हुशार असलेली पोर इंग्रजी येत नाही म्हणून वर्गात 'ढ' ठरते. तिची बुद्धी कुठे गेली नाही, फक्त भाषा बदलली! शॉन टॅन यांच्या 'द अरायव्हल' (२००६) या चित्रपुस्तकात तर गोष्ट सांगायला एकही शब्द नाही. त्यातल्या शहराच्या पाट्यांवरची लिपीसुद्धा काल्पनिक आहे, त्यामुळे नव्याने आलेल्या माणसासारखे आपणही गोंधळतो. शब्द नसल्यामुळे पहिलीतलं मूल आणि आठवीतलं मूल शेजारी बसून हे पुस्तक 'वाचू' शकतात.

शिक्षक मित्रांनो, वर्गात असं पुस्तक घेताना एक काळजी जरूर घ्या. "हा बघा, आपल्या वर्गातल्या अमक्यासारखाच," असं म्हणून कुणा मुलाकडे बोट दाखवू नका. त्याला स्वतःहून बोलावंसं वाटलं तर बोलू द्या, नाही तर नुसतं ऐकू द्या. ऐकता ऐकताही आपली गोष्ट पुस्तकात आहे हे त्याला कळतं.

आणि शेवटचं. दिवाळीच्या सुमारास आई-बापासोबत फडावर गेलेलं मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं, तेव्हा आपण पटकन म्हणतो, "मागे पडलं." पण त्या महिन्यांत ते नवा मुलूख, नवी बोली, नवी माणसं पाहून आलेलं असतं. काय बुडलं ते तपासाच, पण त्याआधी ते काय शिकून आलं हेही विचारा. ही पुस्तकं वाचून आपल्याला एवढं जरी सुचलं, तरी वाचन कामी आलं म्हणायचं.