मधला ‘ल’ कुठे गेला?

नेपाळचा नेपाळी होतो, बंगालचा बंगाली. मग पोर्तुगालचा ‘पोर्तुगाली’ का नाही? ही काही इंग्रजांची करामत नव्हे. तिथले लोक स्वतःच स्वतःला ‘पुर्तुगेश’ म्हणतात. देशाच्या नावातला ‘ल’ माणसांच्या नावात येईतो गळून पडला आहे.

मूळ नाव लॅटिन, ‘पोर्टुस काले’. दोरू नदी अटलांटिकला मिळते तिथलं, आजच्या पोर्तो शहराच्या परिसरातलं हे ठाणं. पोर्टुस म्हणजे बंदर. त्याचा धातू आणि आपल्या ‘पैलपार’मधल्या ‘पार’चा धातू भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. ‘काले’वर मात्र अजून वाद चालू आहेत. ८६८ मध्ये व्हिमारा पेरेश या सरदाराने हे ठाणं मुस्लिम सत्तेकडून घेतलं. भोवतालच्या मुलखाला बंदराचंच नाव पडलं आणि पुढे त्या मुलखाचं राज्य झालं.

या राज्यातल्या बोलीची एक खोड होती: दोन स्वरांच्या कचाट्यात सापडलेला ‘ल’ ती गिळून टाकायची. लॅटिन ‘कोलोर’ म्हणजे रंग, त्याचा ‘कोर’ झाला. ‘पोर्तुगालेश’चा ‘पोर्तुगेश’ झाला तो असाच. ‘पोर्तुगाल’चा ‘ल’ शब्दाच्या टोकाला होता म्हणून बचावला. मिठाला ते आजही ‘साल’ म्हणतात, पण अनेकवचन करताच ‘साइश’. पुन्हा ‘ल’ गायब! आपण तरी काय वेगळं केलं? कुंभकारातला ‘क’ गिळूनच कुंभार घडवला.

आपल्या पूर्वजांना या ‘ल’शी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या लेखी हे सगळे फिरंगी. हा शब्द युरोपातल्या ‘फ्रँक’ लोकांच्या नावावरून, अरबी-फारसीतून फिरत आलेला. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकलेल्या वसईचा मुलूख म्हणजे फिरंगाण. ‘पोर्तुगीज’ हे रूप नंतर इंग्रजीमार्गे आलं, शेवटच्या ‘ज’सकट.

त्यांनी ठेवून दिलेल्या शब्दांपैकी ‘चावी’ मला सर्वांत आवडते. लॅटिन ‘क्लाविस’मधल्या ‘क्ल’चा पोर्तुगीजांनी ‘च’ केला. त्यांची जहाजं कोकण किनाऱ्याला लागली तेव्हा त्यांच्या तोंडी हाच ‘च’ होता. पुढे लिस्बनने त्याचाही ‘श’ करून टाकला. सोळाव्या शतकातला तो ‘च’ आपल्याकडे अजून किल्ल्यांच्या जुडग्यात खुळखुळतो आहे.