स्वतःच भरणारे पिस्तूल आणि जडत्वाचा नियम

‘पिस्तूल साफ करताना गोळी सुटली’ अशी बातमी वर्तमानपत्रांत अधूनमधून वाचायला मिळते. अशा काही घटनांत पिस्तूल हाताळणारा माणूस नवखा नसतो. काडतुसांची पेटी, म्हणजे मॅगझीन, त्याने आधीच काढून ठेवलेली असते. मग गोळी आली कोठून? या प्रश्नाचे उत्तर पिस्तुलाच्या रचनेत आहे आणि ती रचना न्यूटनच्या नियमांवर उभी आहे.

अर्धस्वयंचलित पिस्तूल म्हणजे काय, ते आधी पाहू. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र रिकामी पुंगळी बाहेर टाकणे आणि पुढचे काडतूस नळीच्या मागच्या खान्यात भरणे ही दोन्ही कामे पिस्तूल स्वतःच करते. त्यासाठी लागणारी ऊर्जा त्याला मिळते कोठून?

अमेरिकेतील जॉन ब्राउनिंग (१८५५–१९२६) यांनी रचलेले एम-१९११ हे पिस्तूल उदाहरणादाखल घेऊ. अमेरिकन सैन्याने ते १९११ साली स्वीकारले. त्याच्या गोळीचे वस्तुमान सुमारे १५ ग्रॅम आणि वेग सेकंदाला सुमारे २५० मीटर असतो. म्हणजे गोळीचा संवेग ०.०१५ × २५० = ३.७५ एकक झाला. तेवढाच संवेग उलट दिशेला गेला पाहिजे. तो नळी आणि तिच्यावरून सरकणारा पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, यांना मिळतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून या दोन्हींचे वस्तुमान मिळून अर्धा किलो धरू. मग ते सेकंदाला साडेसात मीटर वेगाने मागे सरकू लागतील. थोडे अंतर गेल्यावर नळी खाली झुकते व स्लाइडपासून सुटते. स्लाइड एकटीच मागे जाते, पुंगळी बाहेर फेकते, घोडा चढवते आणि स्प्रिंग दाबते. नंतर तीच स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि पुढे येता येता स्लाइड मॅगझीनमधले वरचे काडतूस खान्यात ढकलते.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पिस्तूल एकदा भरून तयार केले की एक काडतूस मॅगझीनमध्ये नसून खान्यात असते. मॅगझीन काढले तरी ते तेथेच राहते. म्हणून पिस्तूल रिकामे करताना क्रमाला महत्त्व आहे. आधी मॅगझीन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून खान्यातले काडतूस बाहेर काढायचे आणि खाना रिकामा आहे हे डोळ्यांनी पाहून खात्री करायची. क्रम उलटा झाला तर एक काडतूस बाहेर पडते खरे, पण त्याच्या जागी मॅगझीनमधले दुसरे येऊन बसते! १९३५ साली बेल्जियममध्ये तयार झालेल्या ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलात मॅगझीन काढताच चाप निकामी होतो, अशी सोय याच धोक्यासाठी आहे. आपल्याकडे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल याच हाय-पॉवरवर आधारलेले आहे.

दुसरा धोका पडण्याचा. भरलेले पिस्तूल दीड मीटर उंचीवरून नळीच्या तोंडावर पडले असे समजा. जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर असतो. पिस्तूल एकदम थांबते. पण आतली फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या टोपीवर आघात करणारी पोलादी कांडी, जडत्वामुळे पुढे जातच राहते. बस अचानक थांबली की उभे प्रवासी पुढे झुकतात, तसेच हे. पिनला अडवायला एक छोटी स्प्रिंग असते. ती अपुरी पडली, तर चापाला कोणी हात न लावताही गोळी सुटू शकते.

यावर दोन उपाय निघाले. कोल्ट कंपनीने १९८३ च्या सुमारास पिनच्या वाटेत एक अडसर बसवला. चाप ओढल्याशिवाय तो बाजूला होत नाही. काही उत्पादकांनी पोलादाऐवजी टायटॅनियमची पिन आणि जोरदार स्प्रिंग वापरली. टायटॅनियमची घनता ४.५, तर पोलादाची सुमारे ७.८. त्यामुळे तेवढ्याच वेगाला पिनची गतिज ऊर्जा जवळजवळ निम्म्यावर येते.

पिनपुरताच हा प्रश्न नाही. सिग सावर कंपनीच्या पी-३२० या पिस्तुलाच्या एका आवृत्तीची जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकन सैन्याने निवड केली. नागरिकांना विकले गेलेले त्याचे नमुने विशिष्ट कोनात पाठीवर पडल्यास उडू शकतात, असे त्याच वर्षी चाचण्यांत दिसले. येथे पिस्तूल थांबत होते, पण चाप स्वतःच्या वस्तुमानामुळे मागे जात राही. जणू अदृश्य बोटाने तो ओढला. ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने जे फेरबदल देऊ केले, त्यांत अधिक हलका चाप हा एक होता. काही ग्रॅमांचा फरक, पण त्यावर जीव अवलंबून!

पिस्तूल आपल्या आवडीप्रमाणे बदलून घेण्याची हौस अमेरिकेत मोठी आहे. तिच्याकडेही याच दृष्टीने पाहावे. मुठीची आवरणे किंवा नेम धरण्याची खूण बदलली तर यंत्रणेला धक्का लागत नाही. चाप सहज ओढला जावा म्हणून आतली स्प्रिंग नरम केली, तर गोष्ट वेगळी. बोटाला जी स्प्रिंग सोपी, ती जडत्वालाही सोपी! कारखान्यात पिस्तूल टाकून घेतलेली चाचणी मूळ भागांची असते. बदललेल्या भागांना ती लागू होत नाही.

पिस्तूल जवळ बाळगताना चाप पूर्ण झाकणारे कडक म्यान वापरतात, ते यामुळेच. खिशातली किल्ली आणि माणसाचे बोट यांतला फरक चापाला कळत नाही. अमेरिकन नेमबाजी-शिक्षक जेफ कूपर (१९२०–२००६) यांनी चार नियम रूढ केले, त्यांचा आशय असा: प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजावे, जे नष्ट करायचे नाही त्याकडे नळी वळवू नये, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे, लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखावे. यंत्रातला अडसर निकामी झाला, तरी नळी कोणाकडे वळलेली नसेल तर प्राण वाचतात.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार पिस्तूल बाळगायला परवाना लागतो. त्यात बदल वा दुरुस्ती करण्याचा व्यवसायही परवान्याविना करता येत नाही. त्यामुळे आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांचा पिस्तुलाशी संबंध येणार नाही. पण ही तत्त्वे वर्गात सहज दाखवता येतील. खेळण्यातल्या गाडीवर एक पोलादी नट ठेवा आणि तो रबरबँडने गाडीच्या मागच्या टोकाला बांधा. उतारावरून गाडी सोडून तळाशी ठेवलेल्या जाड पुस्तकावर आदळू द्या. नट किती पुढे सरकला ते मोजा. नंतर नटाच्या जागी तेवढ्याच आकाराचे प्लास्टिकचे झाकण बांधा, मग रबरबँड दुहेरी करा. प्रत्येक वेळी उतार तोच ठेवा. वस्तुमान, वेग आणि स्प्रिंग यांचे नाते विद्यार्थी स्वतःच सांगतील. मग त्यांना विचारा: हा नट म्हणजे पिस्तुलातला चाप असता, तर तुम्ही कोणता रबरबँड निवडला असता?