एकाच खोऱ्यातली मानवजात

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील, दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या ईशान्येस, भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात गेले की घोड नदीच्या काठी इनामगाव लागते, आणि मानवाने पृथ्वीबाहेर वस्ती करावी की नाही या सर्वस्वी आधुनिक वाटणाऱ्या प्रश्नाचा विचार तेथील पांढरीच्या टेकाडापासून सुरू करणे सयुक्तिक ठरते. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननातून येथे इ. स. पू. १६०० ते ७०० अशी सुमारे नऊशे वर्षे नांदलेली ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड या दोहोंची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांची, वसाहत उजेडात आली. भरभराटीच्या काळात हे लोक ऐसपैस चौकोनी घरांत राहत, जव आणि गहू पिकवत, नदीच्या पुराचे पाणी पाटाने वळवून घेत आणि धान्य पेवांत व कणग्यांत साठवत, मात्र इ. स. पू. १००० नंतरच्या थरांत चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात, गव्हाचे प्रमाण घटते आणि शिकारीवरचा भर वाढतो. उत्खननाचे एक प्रमुख संशोधक म. के. ढवळीकर यांनी या उतरणीचे कारण घटत्या पावसात शोधले. सर्व अभ्यासकांना ते मान्य नाही, तरी गाव अखेरीस ओस पडले याविषयी वाद नाही.

येथे खरे महत्त्व आहे ते या संस्कृतीच्या पसाऱ्याला. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून जिला जोर्वे संस्कृती म्हणतात ती तापी, गोदावरी-प्रवरा आणि भीमा अशा निरनिराळ्या खोऱ्यांत पसरलेली होती, आणि प्रवरेकाठचे दायमाबाद इ. स. पू. १००० च्या सुमारास उजाड झाले तेव्हा इनामगावात तीच माणसे, तीच भांडी, तीच दफनाची रीत हलाखीत का होईना, आणखी तीनएकशे वर्षे टिकून राहिली. एका खोऱ्यातली चूल विझली तरी दुसऱ्या खोऱ्यातली पेटती होती. अवकाशात वस्ती करण्याच्या बाजूने केला जाणारा सर्वांत सबळ युक्तिवाद मुळात एवढाच आहे. आज आठ अब्जांहून अधिक असलेली मानवजात कितीही खंडांवर विखुरलेली दिसली, तरी ग्रहांच्या हिशेबाने ती एकाच खोऱ्यात राहते.

हे खोरे किती सुरक्षित आहे याची साक्ष महाराष्ट्राच्या भूमीतच मिळते. दौंड-शिरूरच्या काळ्या मातीखालचा बेसॉल्ट हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाखो वर्षे अधूनमधून उसळत राहिलेल्या लाव्हाचा थिजलेला थर आहे, आणि याच सुमारास मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा अशनी आदळून डायनोसॉरांचा वंश बुडाला. त्या विनाशात दख्खनच्या लाव्हाचा वाटा किती, यावर भूवैज्ञानिक अजूनही भांडत आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर हा त्याच प्रकारच्या आघाताचा फार लहान नमुना होय. जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला असून ती राख तीन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची मानली जाते, मात्र ती त्याच्या कोणत्या उद्रेकाची याबाबत दुमत आहे. टोबाचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झाला. त्यात मानवजात जवळजवळ संपली असे एक मत पूर्वी मांडले गेले, परंतु आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे त्या राखेच्या खाली आणि वरही साधारण सारखीच दगडी हत्यारे मिळाल्याने ते मत आता डळमळीत झाले आहे. थोडक्यात, माणूस चिवट आहे. त्याचा नाश कोणी घाईने गृहीत धरू नये.

शिवाय काही संकटे घरबसल्या टाळता येतात. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट यान सुमारे १६० मीटर रुंदीच्या डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले आणि त्याचा परिभ्रमणकाळ सुमारे अर्ध्या तासाने घटला. अशनीच्या भयाने मंगळावर जाण्यापेक्षा अशनीलाच बाजूला सारणे कितीतरी स्वस्त. खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांच्यासारखे विचारवंत पृथ्वीच्या प्रश्नांतून सुटण्यासाठी सामूहिक स्थलांतर ही धोकादायक भ्रांती मानतात, आणि तापमानवाढीपुरते त्यांचे म्हणणे निर्विवाद आहे, कारण कितीही बिघडलेली पृथ्वी मंगळापेक्षा राहण्याजोगीच असेल. तरीही महायुद्ध, प्रयोगशाळेत घडवलेले रोगजंतू किंवा आज ज्यांचे नावही ठाऊक नाही अशी संकटे उरतात, आणि ती ढकलून देण्यासारखी नसतात.

अशा वेळी दुसरे खोरे कामी येते, पण ते खरोखर वेगळे असले तर. घटत्या पावसाची झळ अखेर भीमेच्या खोऱ्यालाही पोचली, हा इनामगावच्या कथेचा दुसरा आणि कमी सांगितला जाणारा भाग आहे. दर २६ महिन्यांनी पृथ्वीवरून सुटे भाग आणि औषधे आली तरच जगणारी मंगळावरची वस्ती ही मूळ गावाची वाडीच राहील. गाव बुडाले की वाडीही बुडेल. मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के, हवेचा दाब एक टक्क्याहून कमी, आणि मातीत परक्लोरेट हे थायरॉइडला अपायकारक क्षार. पर्सिव्हिअरन्स या बग्गीवरील मॉक्सी उपकरणाने तेथील कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन वेगळा करून दाखवला. २०२१ ते २०२३ मधील १६ प्रयोगांत मिळून तो भरला १२२ ग्रॅम, आणि एका माणसाला दिवसाला लागतो साधारण ८४० ग्रॅम.

हवेचा प्रश्न निव्वळ यंत्राचा नाही, हे अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात उभारलेल्या बायोस्फिअर-२ या बंदिस्त काचगृहाने दाखवून दिले. १९९१ मध्ये आठ माणसे शेती, झाडे व कृत्रिम समुद्रासह त्यात दोन वर्षांसाठी शिरली, आणि सोळा महिन्यांत आतील ऑक्सिजन सुमारे २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास उतरल्याने तो बाहेरून पुरवावा लागला. शेतासाठी भरलेल्या सेंद्रिय मातीतील सूक्ष्मजीव ऑक्सिजन खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते आणि तो वायू झाडांना मिळण्याऐवजी बांधकामातील काँक्रीट शोषून घेत होते. बाहेर ॲरिझोना होते म्हणून माणसे वाचली.

म्हणूनच या कामाला लागणारा काळ दशकांत नव्हे, शतकांत मोजावा लागेल, आणि उशिरा सुरुवात करण्यात शहाणपण नाही. खर्चाचा आक्षेप पाण्यासाठी झगडणाऱ्या तालुक्यांत स्वाभाविकच उमटतो; पण हा पैसा अवकाशात उधळला जात नाही, त्यातला काही दौंडशेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगरच्या कारखान्यात मुरतो, जेथे इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटारींची कवचे घडतात. शेतीचे म्हणाल तर २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात मूग आणि मेथीला मोड आणले. मोड येणे ही पहिली पायरी. बियाण्यापासून पुन्हा बियाणे धरणे ही पुढची, आणि मोहरीवर्गातील अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाने ती सोव्हिएत सल्यूत-७ स्थानकात १९८२ मध्येच ओलांडली होती. घरचे बियाणे राखून पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणारी शेती मात्र अद्याप पृथ्वीबाहेर कोठेही उभी राहिलेली नाही.