कॅमेऱ्याला निरोप देताना

घरातला पंखा बिघडला की आपण दुसरा आणतो आणि पहिल्याला विसरतो. हौशी छायाचित्रकाराचा कॅमेरा मात्र एकटा जात नाही. त्याच्याबरोबर तीन-चार लेन्स, फ्लॅश, फिल्टर आणि बोटांना जडलेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या सवयी जातात. म्हणून या छंदातली मंडळी ‘कॅमेरा बदलला’ म्हणत नाहीत, ‘सिस्टीम बदलली’ म्हणतात. ही सिस्टीम म्हणजे काय आणि ती सोडणं इतकं जड का जातं, ते आज पाहू या.

लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात बॉडी आणि लेन्स यांना जोडणारी एक धातूची कडी असते. तिला माउंट म्हणतात. प्रत्येक कंपनीची कडी वेगळी. शिवाय कडीपासून फिल्मपर्यंतचं अंतरही ठरलेलं असतं. निकॉनच्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर, ऑलिंपसच्या ओएममध्ये ४६, तर कॅननच्या जुन्या एफडीमध्ये ४२. लेन्स अर्धा मिलिमीटर जरी पुढे बसली, तरी दूरचा डोंगर स्पष्ट येत नाही. गझलेच्या पहिल्या शेरात काफिया आणि रदीफ ठरले की पुढचे सगळे शेर त्यांना बांधलेले असतात. माउंटचंही तसंच. पहिली बॉडी घेतली की पुढच्या सगळ्या लेन्स तिच्या शब्दात राहतात.

आणि कधी कधी कंपनीच शब्द फिरवते. १९८७ साली कॅननने ईएफ हा नवा माउंट आणला आणि एफडी लेन्स जमवून बसलेले शौकीन मागे राहिले. नव्या बॉडीवर त्यांच्या लेन्स बसेनात. निकॉनने १९५९ पासूनची आपली कडी पुढे कित्येक दशकं जपली. ऑलिंपसने ओएम मालिका २००२ साली थांबवली आणि २०२१ साली तर त्या कंपनीचा कॅमेऱ्यांचा सारा व्यवसायच वेगळ्या कंपनीकडे गेला.

माझी सिस्टीम याच ओएम घराण्यातली. योशिहिसा माइतानी या जपानी अभियंत्याने १९७२ साली हा कॅमेरा घडवला, तो त्या काळच्या अवजड एसएलआर कॅमेऱ्यांना कंटाळून. ओएम-१ ची बॉडी जेमतेम अर्धा किलो वजनाची. शटरचा वेग ठरवणारी कडी लेन्सच्या बुडाशीच, त्यामुळे डोळा न हलवता डाव्या हाताने वेग बदलता येतो. शटर पूर्णपणे यांत्रिक, म्हणजे सेल संपला तरी फोटो निघतो. २८, ५० आणि १३५ मिलिमीटरच्या माझ्या तिन्ही लेन्सना ४९ मिलिमीटरचा एकच फिल्टर चालायचा. गरिबाच्या संसारात अशी काटकसर मोलाची.

मग असा कॅमेरा सोडायचा कशाला? कारणं साधी आहेत. त्याच्या प्रकाशमापकाला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागतो. पारा विषारी, म्हणून ते सेल बंद झाले. आजचे सेल दीड व्होल्टचे आणि त्यांवर काटा खोटं सांगतो. दुसरं कारण आपली कोकणातली हवा. पावसाळ्यात दमट कपाटात लेन्सच्या आत बुरशी धरते. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, मग त्यांतल्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला जातो. तो डाग पुसून जात नाही. तिसरं कारण फिल्म. उटीच्या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म आता फक्त आठवणीत आहे. कोडॅकने २००९ साली कोडाक्रोम बंद केली. आज रोल मिळतात, पण ३६ फोटोंसाठी पैसे मोजताना हात आखडतो. आणि चाळिशीनंतरच्या डोळ्यांना हाताने फोकस करणं जमेनासं होतं, ते वेगळंच.

मुलगा म्हणाला, “अब्बा, सुटं सुटं विका, जास्त पैसे येतील.” हिशेब त्याचा बरोबर होता. पण सिस्टीम मोडली की बॉडी शोभेच्या कपाटात जाते आणि लेन्स कुठल्या तरी खोक्यात. मी सगळा संच तालुक्यातल्या एका तरुण चित्रकला शिक्षकाला दिला. तो अजून रोल भरतो आणि मुलांना डार्करूम शिकवतो. १३५ च्या कडेला बुरशीची सुरुवात होती. ती टॉर्च लावून त्याला दाखवली आणि त्या लेन्सचे पैसे धरले नाहीत.

अशा जुन्या लेन्सना आता दुसरं आयुष्यही मिळालं आहे. आरसा नसलेल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यांत ते कडीपासूनचं अंतर फार कमी असतं. सोनीच्या ई माउंटमध्ये ते १८ मिलिमीटर आहे. ओएमची लेन्स मागते ४६. मधल्या २८ मिलिमीटरची एक पोकळ नळी बसवली की पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स नव्या बॉडीवर काम करते. म्हणजे जुनी लेन्स रद्दी नव्हे.

एक गोष्ट मात्र मी कुणाला दिली नाही, ती म्हणजे निगेटिव्ह. विहिरीवर पाणी शेंदणारी माझी अम्मी त्यांतल्याच एका पट्टीत आहे. तिचा तेवढाच एक हसरा फोटो. कॅमेरा दुसरा मिळेल, ती पट्टी मिळणार नाही. निगेटिव्ह कोरड्या, थंड जागी, कागदी पाकिटात ठेवावीत, वर तारीख आणि माणसांची नावं लिहावीत, आणि जमेल तेव्हा स्कॅन करून घ्यावीत.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा कॅमेरा असेल. येत्या सुट्टीत तो खाली काढा. आत रोल नाही ना, ते पाहा. जुना सेल आत गळला असेल तर काढून टाका. लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून बघा. बुरशी असेल तर तिला बाकीच्या लेन्सपासून दूर ठेवा. नसेल, तर तो हाती धरणारं कुणीतरी शोधा. पेटीत बंद राहिलेल्या कॅमेऱ्याला आपण जपत नसतो, फक्त त्याच्या खराब होण्याची वाट पाहत असतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)