इंधनघट : विस्तवावाचूनची चूल



कामगार संघटनेच्या माणसांनी रसायनशास्त्रावर बोलण्याचे प्रयोजन काय, असे आपणांपैकी काहींना वाटेल. प्रयोजन आहे. यंत्र बदलले की यंत्रावरचा माणूस बदलतो, नाहीतर बदलला जातो. म्हणून नव्या यंत्राची ओळख कामगाराने वेळीच करून घ्यावी, असे आम्ही मानतो. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. जे शिकलो ते वाचनालयातील पुस्तकांतून आणि जाणत्यांना विचारून. ज्या वाटेने हा विषय आम्हाला उमगला, त्याच वाटेने तो आपल्यापुढे ठेवतो.

टॉर्चमधला सेल आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या पोटात जेवढे रसायन, तेवढीच त्याची वीज. ती शिदोरी आहे. संपली की संपली. इंधनघट, ज्याला फ्युएल सेल म्हणतात, ही शिदोरी नसून चूल आहे. बाहेरून हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन पुरवीत राहावे, म्हणजे तो वीज देत राहतो. मात्र ही चूल विस्तवाची नव्हे. डिझेल इंजिनात आधी इंधन जळते, त्या उष्णतेने दट्ट्या ढकलला जातो, मग चाक फिरते. या खटाटोपात निम्म्याहून अधिक शक्ती धुराबरोबर व उष्णतेबरोबर वाया जाते. इंधनघटात जळण्याची पायरीच नाही.

मग वीज येते कशी? घटाच्या मध्यभागी एक पातळ पडदा असतो. त्याच्या एका अंगाला हायड्रोजन सोडतात. तेथे लावलेल्या प्लॅटिनमच्या संगतीने हायड्रोजनच्या अणूची फोड होते : एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. पडदा प्रोटॉनला पलीकडे जाऊ देतो, इलेक्ट्रॉनला अडवितो. गावाच्या वेशीतून पायी माणसाला आत सोडावे आणि बैलगाडीला बाहेरून वळसा घालायला लावावा, तसा हा प्रकार. इलेक्ट्रॉनचा तो वळसा तारेतून जातो, आणि त्या वाटेवरच आपण त्याच्याकडून दिवा लावून घेतो, मोटार फिरवून घेतो. पलीकडे पोचल्यावर प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि ऑक्सिजन एकत्र येतात व त्यांचे पाणी होते. एका घटाचा दाब एक व्होल्टदेखील भरत नाही. म्हणून असे शेकडो घट वहीच्या पानांसारखे एकावर एक रचावे लागतात.

ही कल्पना नवी नव्हे. १८३९ च्या सुमारास विल्यम ग्रोव्ह या व्यवसायाने वकील असलेल्या गृहस्थाने ती प्रयोगाने दाखविली. पुढे १९५९ मध्ये फ्रान्सिस बेकन या इंग्रज इंजिनिअराने ५ किलोवॅटचा घट चालवून दाखविला, आणि अमेरिकेतील प्रॅट अँड व्हिटनी कंपनीने ते तंत्र उचलले. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत हेच घट होते. त्यांची वीज यानाला मिळे आणि त्यांतून निघालेले पाणी अंतराळवीर पीत. परंतु एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ च्या ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला आणि घट बंद पडले. दोष घटांचा नव्हता. त्यांना लागणारा ऑक्सिजनच उरला नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

त्याच घराण्यातल्या यूटीसी पॉवर कंपनीने पुढे इमारतींसाठी आणि बसगाड्यांसाठीही घट बनविले. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील पोलीस चौकीत तिचा २०० किलोवॅटचा घट होता. ऑगस्ट २००३ मध्ये त्या शहराची वीज गेली, तेव्हा ही चौकी उजळलेली राहिली. तो घट मात्र नैसर्गिक वायूवर चाले, हे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेतली ही विद्या आता आपल्या दारी आली आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून ऑक्टोबर २०२० मध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेतली. तिच्यातला घट १० किलोवॅटचा, देशी बनावटीचा. टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन आणि त्यावर सुमारे २५० किलोमीटरचा पल्ला, असा तिचा हिशेब सांगितला गेला. २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यातच या दोघांची बस लोकांपुढे आली. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने पीएसएलव्ही-सी५८ बरोबर अंतराळात नेलेल्या घटाने १८० वॅट वीज दिली.

आता आपल्या कळमनुरीच्या दृष्टीने हिशेब मांडू. हायड्रोजन विहिरीतून उपसता येत नाही; तो बनवावा लागतो. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढण्यास निदान ९ लिटर शुद्ध पाणी आणि ५० ते ५५ युनिट वीज लागते. तोच किलो घटात घातला तर १६-१७ युनिट परत मिळते. म्हणजे रुपया देऊन पाच आणे हाती! जगातला बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू आणि कोळसा यांपासूनच निघतो. गाडीच्या नळीतून पाणीच पडेल, परंतु धूर दुसऱ्या कोणाच्या गावावर पडत असेल. उन्हाची किंवा वाऱ्याची वीज वापरली, तरच हा व्यवहार स्वच्छ ठरतो. त्यातही बॅटरी वाहून नेणे जड जाते अशा लांब पल्ल्याच्या, अवजड गाड्यांना तो अधिक शोभतो. घरातल्या दिव्यासाठी एवढा वळसा कशाला?

दुसरा हिशेब माणसांचा. यूटीसी पॉवर २०१३ मध्ये क्लिअरएज या कंपनीला विकली गेली. एप्रिल २०१४ मध्ये तिथले काम एकाएकी बंद झाले आणि कामगार घरी बसले. त्याच वर्षी कोरियातील दूसान कंपनीने तो धंदा विकत घेतला. तंत्र टिकले, पण तंत्र टिकले म्हणून कामगाराची भाकर टिकतेच असे नाही.

उद्या असली बस आपल्या स्टँडवर उभी राहिली, तर डिझेल इंजिन डोळे मिटून खोलणाऱ्या मेकॅनिकने काय करावे? हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. बारीक फटीतून तो निसटतो आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसतही नाही. ३५० पट वातावरणाच्या दाबाची टाकी अर्धशिक्षित हाताखाली देणे म्हणजे त्या हाताशी आणि प्रवाशांशी वैर करणे होय. म्हणून आम्ही यंत्राला विरोध करा असे सांगत नाही. यंत्राआधी शिक्षण मागा, असे सांगतो. आज जो पाना हाती धरतो आहे, त्यालाच पगारी वेळेत हे शिक्षण मिळाले पाहिजे, आणि मिळाल्याचा दाखलाही मिळाला पाहिजे.

नव्या यंत्राचे गोडवे गाणारा कोणी आला, तर त्याला दोन प्रश्न विचारावेत : याचा हायड्रोजन कुठून येणार, आणि याचे काम कोणाला शिकविणार? दोन्हींची सरळ उत्तरे मिळाली, तर त्या यंत्राचे आपण हार घालून स्वागत करू.