आतड्याचा जुनाट दाह आणि सिस्टरची नोंद

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात घाटी रुग्णालयापासून गल्लीतल्या छोट्या दवाखान्यापर्यंत नर्सिंगच्या पगारावर अनेक घरे चालतात. या पेशात जाणकार सिस्टरची कदर होते. म्हणून आज आम्ही अशा एका आजाराची माहिती देत आहोत, जो पुष्कळदा मूळव्याध किंवा आव समजून अंगावर काढला जातो.

इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज म्हणजे आतड्याचा जुनाट दाह. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता असतो. रक्त व शेम पडते, शौचाची घाई होते. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होतो व आतड्याची सबंध भिंत पोखरतो. आतडे अरुंद होते, भगंदरही होतो. हा केवळ गोऱ्यांचा रोग नव्हे. पंजाबात 1999 साली घरोघरी झालेल्या पाहणीत दर लाखामागे सुमारे 44 जणांना कोलायटिस आढळला होता.

याचे कारण एक नाही. अनुवंशिक प्रवृत्ती, आतड्यातील जंतूंचा बिघडलेला समतोल आणि आपल्याच आतड्यावर उलटलेली प्रतिकारशक्ती, असा हा मेळ आहे. धूम्रपानाने क्रोन्स बळावतो. तिखट खाल्ल्याने हा रोग जडत नाही, आणि तो लागटही नाही. घरचे लोक रुग्णाचे ताट वेगळे करत असतील तर सिस्टरने त्यांना हे जरूर सांगावे.

आपल्याकडे खरी अडचण आहे ती क्षयाची. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दोहोंत पोट दुखते, ताप येतो, वजन घटते. दुर्बिणीतून जखमाही सारख्याच दिसू शकतात. क्रोन्सवर स्टेरॉइड देतात. क्षय न ओळखता तेच दिले तर क्षय भडकतो. उलट, क्रोन्सचा रुग्ण महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या खात राहतो आणि आजार आत वाढतच जातो.

येथे सिस्टरची नोंद मोलाची ठरते. राउंडच्या दोन मिनिटांत रुग्ण "पोट बिघडलंय" एवढेच बोलतो. बायका तर पुरुष डॉक्टरांपुढे रक्ताचा विषयच काढत नाहीत. शौचास किती वेळा होते, रात्री झोपेतून उठावे लागते का, रक्त किती पडते, वजन किती उतरले, घरात कोणाला क्षय होता का, अंगदुखीच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारून केसपेपरवर आकड्यांत लिहावे. "ठीक आहे" हा शेरा आमच्या मते कोणाच्याच कामाचा नाही. दिवसात सहा किंवा अधिक रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप असेल, किंवा नाडी 90 च्या वर असेल, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. आणि सुट्टी देताना बजावावे, की बरे वाटले म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करू नका. डॉक्टर सांगतील तशाच कमी करा.